हातभर सुगंध

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात एक अत्तरवाला राहत होता. त्याच्या दुकानात गुलाब, केवडा, मोगरा सगळं होतं. पण त्याचा जीव एकाच अत्तरावर. जुन्या चंदनाचं मूळ, देवदार आणि नागरमोथा यांचं ते अत्तर. लावल्यावर आधी काहीच कळायचं नाही. मग हळूच वास यायचा, जुनी लाकडी पेटी उघडल्यावर येतो तसा, आणि तोही हातभर अंतरापलीकडे जात नसे. गिऱ्हाईक नाक मुरडून केवडा घेऊन जायचं. बायको म्हणायची, थोडा केवडा मिसळा की त्यात. तो म्हणायचा, "हे जवळच्या माणसासाठी आहे. या अत्तराला मी ओरडायला शिकवणार नाही."

एकदा राजाने बाजारात ते अत्तर मनगटाला लावून पाहिलं आणि तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी तेच लावून तो दरबारात बसला. अत्तरवाल्याला बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि दरबाराला विचारलं, सुगंध कसा आहे?

सिंहासन कुठे, दरबारी कुठे! मधे चांगलं वीस हात अंतर. पण प्रधान म्हणाला, सारा महाल दरवळतोय. सेनापतीने त्याची री ओढली. मग काय, खुशमस्कऱ्यांची चढाओढच लागली. एका सरदाराला तर म्हणे घरातून निघतानाच वास आला होता.

राजाने गंमत म्हणून दारातल्या म्हाताऱ्या द्वारपालालाही विचारलं. तो म्हणाला, "महाराज, माझ्यापर्यंत काही आला नाही. खोटं कसं बोलू?"

राजाने अत्तरवाल्याकडे पाहिलं. "तू बनवलंस ना? सांग, दारापर्यंत सुगंध जातो की नाही?"

खरं काय ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नाही म्हटलं तर प्रधान, सेनापती सगळेच खोटे ठरणार, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्याने मान खाली घातली.

"जातो, महाराज."

द्वारपालाला उद्धट ठरवून भर उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या रानात हाकलून दिलं. पुढे गुराख्यांना तो एका आटलेल्या ओढ्यात मेलेला सापडला. ते कळलं त्या दिवशी अत्तरवाल्याच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला.

मग राजकन्येचं लग्न ठरलं. राजाने हुकूम सोडला, तेच अत्तर मांडवाच्या खांबांना लावा, वऱ्हाड वेशीत शिरताच दरवळ आला पाहिजे. अत्तरवाला नाही कसं म्हणणार? त्याने खांब माखले. वऱ्हाड आलं, मांडवात बसलं, आणि व्याही राजाने सरळ विचारलं, तुमचा तो प्रसिद्ध सुगंध कुठाय? भर मांडवात राजाचं हसं झालं.

राजाने अत्तरवाल्यावर भेसळीचा आरोप ठेवला. तो पाया पडला. अत्तर तेच आहे, ते हातभरापलीकडे जातच नाही, त्या दिवशीही गेलं नव्हतं, असं कळवळून सांगू लागला.

राजा म्हणाला, "त्या दिवशी सुगंध आला नव्हता, असं म्हणणारा एक माणूस दाखव. तुला सोडतो."

अत्तरवाल्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छताकडे बघत होता. सेनापतीने मान वळवली. तो सरदार पागोटं सारखं करत बसला. शेवटी अत्तरवाल्याने दाराकडे पाहिलं. तिथे दुसराच द्वारपाल उभा होता.

भेसळ करणाऱ्याला त्या राज्यात एकच शिक्षा होती. संध्याकाळच्या आत त्याचं नाक कापलं गेलं.

तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. भट्टी बायको लावायची. अत्तर तयार झालं की तो आपलं मनगट तिच्यापुढे धरून विचारायचा, "आला का गं वास?"

ती म्हणायची, "आला."

खरं की खोटं, ते त्याला कधीच कळलं नाही.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला जो एकटं पाडतो, त्याच्यावर वेळ येते तेव्हा साक्षीला कुणी उरलेलं नसतं.