आत कोण उरलंय?

कर्नेलची, म्हणजे संगणकाचा कारभार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीची, एक ओळही न लिहिलेल्या दाभाडकर साहेबांनी भरबैठकीत फर्मान काढलं, "मेमरीचा तुकडा किती प्रोग्रॅम वापरताहेत, हे कर्नेलने मोजायचं नाही. ज्याने मागितला त्याचं काम संपलं, की तुकडा मोकळा! वेग वाढेल."

हा कर्नेल रुग्णालयातल्या श्वासयंत्रांत बसणार होता. वापरात असलेली मेमरी काढून घेतली, तर यंत्रच बंद पडेल, हे कर्नेल लिहिणाऱ्या हेमांगीने परोपरीने सांगितलं. साहेब ऐकतील तर शपथ!

ती शांतपणे उठली. बैठकीची खोली तिच्याच नावावर आरक्षित होती. तिने दिवे मालवले, बाहेर जाऊन दाराला कुलूप लावलं.

"अहो बाई, आम्ही आत आहोत!" साहेब ओरडले.

"खोली मी मागितली होती, सर. माझं काम संपलं. आत कोण उरलंय, ते मोजायचं नाही ना?"

अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. मग साहेबांचा आवाज आला, "कर्नेलमधली मोजणी तशीच ठेवा. आणि आधी दार उघडा!"