दोन हाका

फार मागली गोष्ट. रानाच्या कडेला एक गाव होतं आणि गावाला एकच दार होतं. दारावर लाकडाची एक बाहुली बसवलेली. गावातल्या प्रत्येकाची पावलं ती ओळखायची. ओळखीचं पाऊल आलं की दार आपोआप उघडायचं. रानातलं दुसरं काही आलं, मग ते कुणाचंही रूप घेऊन येवो, दार हलायचं नाही.

बाहुली जुनी, कामाला धिमी. माणूस डोक्यावरच्या मोळीसकट दाराशी ताटकळायचा.

एकदा एक फिरता कारागीर आला. त्याच्याजवळ नवी बाहुली होती, पापणी लवायच्या आत दार उघडणारी. पाटलाला ती फार आवडली.

कारागीर म्हणाला, "पाटील, हिचं शिकणं अजून सरलेलं नाही. सुगीपर्यंत थांबा. फारच घाई असली तर गुरांच्या गोठ्याला लावून बघा. वेशीला नको."

पाटलीणबाईंनीही तेच सांगितलं. पण शेजारच्या गावानं आधी नेली तर आपली शोभा काय राहिली, असं पाटलाच्या मनानं घेतलं होतं. त्यानं नवी बाहुली वेशीला बसवली आणि जुनी चुलीत घातली. जळताना ती बराच वेळ दाराकडं बघत होती म्हणतात.

आठ दिवस गाव खुशीत होतं. मग कुणी नसतानाही दार उघडू लागलं. धुळीत ओली पावलं उमटायची. सगळी आत येणारी, बाहेर जाणारं एकही नाही.

"नवी आहे, रुळेल," पाटील म्हणायचा.

एका भर दुपारी त्याची लेक गोजरा रानातून मोळी घेऊन परतली. दार उघडेना.

"आबा, मी आलेय. दार उघडा."

पाटील धावत आला. त्यानं अडसराला हात घातला, तोच मागून, त्याच्या घरातून हाक आली.

"आबा, भाकरी निवतेय. येताय ना?"

तोच आवाज. तोच लाडिक हेल.

पाटलानं वर पाहिलं. नवी बाहुली वेशीबाहेर आणि घराकडं सारख्याच मायेनं बघत होती. ओळखणारी एकच होती, आणि तिच्या राखेनं पाटलीणबाईंनी केव्हाच भांडी घासली होती.

ऊन कललं तरी पाटलाचा हात अडसरावरच होता. बाहेरची हाक बारीक होत गेली, मग थांबली.

घरातली थांबली नाही.

तर लहानथोरांनो, नव्याचं शिकणं पुरं झाल्याशिवाय जुन्या राखणदाराला दारावरून उतरवू नये.