खवलेमांजरीला आलेले बोलावणे

घाटाखालच्या एका दाट जंगलात एक खवलेमांजर राहत असे. शेपटीवर बसलेले इवलेसे पिल्लू आणि जांभळीच्या मुळाशी खोदलेले बीळ, एवढाच तिचा संसार. स्वभावाने गरीब, पण तिला एक खोड होती. काहीही अंगावर आले की ती पिल्लाला पोटाशी घेऊन गोल गुंडाळून पडायची. बिबट्या हुंगायचा, पंजा मारून बघायचा आणि कंटाळून निघून जायचा. त्यामुळे तिची समजूत झाली होती की सगळी संकटे अशीच जातात.

आता झाले असे, मुलांनो, की काही वर्षांपूर्वी तिथली वारुळे एका अस्वलाच्या ताब्यात होती. ते सालीच्या तुकड्यावर नखाची खूण करून द्यायचे आणि येण्याच्या हिशेबाची तशीच खूण स्वतःपाशी ठेवायचे. ती साल दाखवावी, हव्या त्या वारुळातली वाळवी खावी आणि बदल्यात सवडीने कंदमुळे उकरून द्यावीत. खवलेमांजरीने पोटभर वाळवी खाल्ली, पुष्कळशी कंदमुळे पोहोचवलीही. मग ती आजारी पडली आणि थोडी द्यायची राहून गेली. पुढे अस्वल दुसऱ्या डोंगरावर गेले. जाताना आपली सारी जुनी येणी त्याने मधाच्या एका पोळ्याच्या बदल्यात तरसाला विकून टाकली.

एके दिवशी कोतवाल पक्षी जांभळीवर बसून ओरडला, "जुन्या कंदांपायी तुमचे बीळ मिळावे म्हणून तरसाने फिर्याद केली आहे. उद्या सकाळी वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, न्याय करणाऱ्या गव्यापुढे हजर व्हा. न आल्यास त्याचे म्हणणे खरे धरले जाईल." ऐकता ऐकताच खवलेमांजर गुंडाळून बसली.

शेजारच्या टिटवीला दुसऱ्याच्या दारात काय चालले आहे हे कळल्याशिवाय घास उतरत नसे. ती तुरुतुरु आली. "काय गं, कोतवाल कशाला आला होता? मी आपलं सहज विचारते."

"जाईल आपोआप," आतून आवाज आला.

"जायला तो काय बिबट्या आहे? साळिंदरानं असंच केलं. तरस आता त्याच्या घरात पाय पसरून झोपतो."

"पण काकी, थोडी कंदं राहिलीत माझ्याकडून. खोटं कसं बोलू?"

"खोटं बोल म्हणतंय कोण? तो किती मागतोय आणि कशावरून मागतोय, एवढं विचारायला काय जातंय तुझं? बीळ गेलं तर या पोराला घेऊन कुठं राहशील, माझ्या घरट्यात?"

रात्रभर खवलेमांजरीचा डोळा लागला नाही. सकाळी पिल्लाला शेपटीवर घेऊन ती सड्यावर गेली. तिला बघून तरस जरा चपापला, पण आवाज चढवून म्हणाला, "हिनं कंदांचे ढीग बुडवलेत. बीळ माझ्या नावावर करा."

खवलेमांजरीची पाठ आपोआप वाकू लागली. मोठ्या कष्टाने ती सरळ राहिली आणि म्हणाली, "मी वाळवी खाल्ली, आजोबा. कंदंही दिली. राहिली ती किती, हे यांनी अस्वलाची खूण दाखवून सांगावं."

गव्याने तरसाकडे मान वळवली. "दाखव."

तरसाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. "खूण नाही आणलेली. आजवर कुणी मागितलीच नव्हती."

"आजवर कुणी आलंच नव्हतं," गवा म्हणाला. "पुराव्याशिवाय तुला हिच्याकडून काही मागता येणार नाही. बीळ हिचंच. जा बाई, घरी जा."

खवलेमांजर वळली, तेवढ्यात कोतवालाने पुढचे नाव पुकारले, मुंगसाचे. कुणी उठले नाही. त्याने पुन्हा पुकारले. करवंदीच्या जाळीपलीकडे मुंगूस आपल्या बिळात श्वास रोखून बसले होते. तरसापाशी त्याच्याही नावाची खूण नव्हती, पण ती मागायला समोर कुणी नव्हते. गवा बराच वेळ थांबला, आणि मग नियमाप्रमाणे मुंगसाचे बीळ तरसाला मिळाले.

तात्पर्य : बोलावणे आले की लपून बसू नये. वेळेवर जावे, खरे ते सांगावे आणि मागणाऱ्याकडे पुरावा मागावा. समोर कुणी नसले, की पुरावा नसलेली मागणीही खरी ठरते.