समोरची आसने

एका राज्यात चार मुलूख होते आणि चार भाषा होत्या. डोंगरचे लोक बोलत ते नदीकाठी कळत नसे, नदीकाठचे सागरतीरी कळत नसे, आणि रानाची बोली तर कोणीच शिकत नसे. राज्य मोठे होते, आणि मोठेपणाचा त्याला अभिमान होता.

तिथल्या शेवटच्या राजाला रानाच्या लोकांची गाऱ्हाणी टोचू लागली. त्याने सभेतली त्यांची आसने उचलून बाहेर टाकली आणि फर्मान काढले की, दरबारात दरबारचीच भाषा चालेल. तेव्हा रानातली एक वृद्धा चालत आली. तिने राजकोठाराच्या दारावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आजपासून हे दार राजाचे ऐकणार नाही. चारही मुलूख ज्या सभेत बसतील, त्या सभेने निवडलेल्याचेच ऐकेल."

दार मिटले. राज्याचे सारे बियाणे आत राहिले. राजा निपुत्रिक मेला.

मग मुलखामुलखांत निवडणूक झाली. माणसे रांगेने येत आणि आपल्या शेतातली मूठभर माती आपल्या पसंतीच्या माणसापुढे ठेवत. राज्यात प्रथमच लोकांनी कोणाला तरी निवडले होते, आणि म्हाताऱ्यांनीही त्या दिवशी नवी वस्त्रे नेसली होती. पण ढीग मोजले तेव्हा एकाही मुलखाकडे निम्मी सभा नव्हती. डोंगरची तुंगा सर्वांत पुढे होती, तरी तिला इतरांची साथ हवीच होती. तिच्या गावांनी घरचे बियाणे खाऊन संपवले होते आणि पेरणी तोंडावर आली होती.

राजाचा जादूगार मायाधर अजून राजवाड्यातच राहत होता. तो सभासदांचे पोपट करी. पोपट झालेला सभासद कोणी काही विचारले की "होय" म्हणे. नदीकाठच्या तिघांचे असे झाले होते. त्यांतल्या एकाची बायको त्याला मिरची भरवताना म्हणे, "घरी कधी होय म्हणाला नाहीत, आता म्हणताय."

तुंगा प्रथम नदीकाठच्या तरंगसेनाकडे गेली. त्याने अट घातली की, दुभाषा न आणता आमच्या भाषेत साथ माग. तुंगा नावाड्यांमध्ये राहिली, चुकत बोलली, मासळीवाल्या बायकांचे हसणे सोसले आणि शेवटी उभी राहून मागितले. तरंगसेन म्हणाला, "उच्चार वाईट आहेत. साथ दिली."

मग ती सागरतीरी शुक्तिमतीकडे गेली. शुक्तिमतीने कोठाराच्या किल्ल्या मागितल्या. तुंगाचे सोबती चिडले. सर्वांत पुढे आपण आणि किल्ल्या सागरतीरच्यांच्या कमरेला, असे त्यांनी तिला वाटभर ऐकवले. तुंगाने किल्ल्या देण्याचा शब्द दिला. एकट्याने बाळगायला राज्य म्हणजे काही दागिना नव्हे, एवढेच ती सोबत्यांना म्हणाली.

तिसरा मुलूख रानाचा. तिथला पुढारी खदिर. रानाची रीत अशी की, मागायला आलेल्याने आधी उभ्याने गाऱ्हाणी ऐकायची. ती संपली की त्याच्यासाठी घोंगडी अंथरतात. खदिर सांगू लागला. तोडलेली झाडे, हुसकावलेली गावे, सभेबाहेर फेकलेली आसने. नदीकाठी जमले ते इथेही जमेल असे वाटून तुंगाने मध्येच, मोडक्या का होईना पण वाटेत शिकलेल्या त्यांच्याच बोलीत, वनांचा कारभार देऊ केला.

खदिर थांबला. आजूबाजूच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "शहाणी दिसते. अजून दुखणे ऐकले नाही आणि औषध काढले."

गाऱ्हाणी पहिल्यापासून सुरू झाली. तुंगा या वेळी गप्प उभी राहिली. पाय सुजले, ऊन कलले, तरी ती उभीच होती. शेवटी खदिराने स्वतःच्या हाताने घोंगडी अंथरली.

"आम्ही तुझ्या बाजूला येणार नाही," तो म्हणाला.

"येऊ नका. सभेला या."

"तुझ्या विरुद्ध माती टाकू."

"टाका. तुमची आसने मी समोरच मांडते."

खदिराने तिला पाणी दिले.

परतीच्या वाटेवर मायाधर उभा होता. त्याने तिला हिशेब समजावला. रान सभेत बसले, तर तिचे पारडे हलकेही पडू शकते. त्यापेक्षा रानाच्या सभासदांचे पोपट करावे. आसने भरतील आणि होकारही मिळेल. बदल्यात दाराची राखण त्याला द्यावी.

तुंगाला गावाकडच्या रिकाम्या कणग्या दिसल्या. तिने विचारले, "मला विरोध करील असा पोपट तुला घडवता येतो?"

"नाही."

"मग तुझी विद्या अपुरी आहे," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

सभा भरली. समोरची आसने मांडली गेली आणि रानाचे लोक अनवाणी येऊन त्यांवर बसले. मध्ये तराजू होता. एकेक सभासद उठे आणि आपल्या मुलखाची मूठभर माती पारड्यात टाकी. पोपटांना मूठ नव्हती, म्हणून नदीकाठच्या तीन मुठी वाया गेल्या. खदिराने आपली माती विरुद्ध पारड्यात टाकली, त्याच्या साऱ्या सोबत्यांनीही टाकली. तराजू हलला, थरथरला, बरोबरीत थांबला. मग सागरतीरची शेवटची ओली मूठ पडली आणि तुंगाचे पारडे बोटभर खाली गेले.

तुंगा दारापुढे उभी राहिली. दार बोलले, "विरोधात कोण होते?"

"मी," खदिर उठून म्हणाला.

"पोपट आहेस?"

"पोपट असतो तर होय म्हणालो असतो."

दार उघडले. धान्याचा वास सभेत पसरला. पोपटांची माणसे झाली आणि शरमेने माना खाली घालून आपापल्या जागी बसली. मायाधराची विद्या ओसरली. त्याला तराजू पुसण्याच्या कामावर ठेवले आणि ते त्याने बरे केले.

शुक्तिमतीने किल्ल्या कमरेला लावल्या. डोंगरची पोती भरू लागणार, इतक्यात खदिर पुन्हा उठला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "आधी सांगा, कोणाला किती आणि का?"

दरबारातले जुने नोकर घाबरले, कारण या सभेत असा प्रश्न त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. तुंगाने हात वर केला आणि पोती थांबली. मग ती उत्तर द्यायला उभी राहिली.

त्या राज्याला प्रश्न विचारणारा लाभला आणि उत्तर देणारी लाभली. आपल्या राज्यालाही ते लाभोत, आणि लाभले की आपण त्यांना ओळखावे.