लाल बॅटऱ्या आणि टिकलीएवढी चिप

काही माणसांना आपल्या अनुभवाचा इतका गर्व असतो की ती एक वेळ घराला आग लावतील, पण साधा प्रश्न विचारून घेणार नाहीत.

अशी माणसं असलेल्या एका गावात छोटी विमानं उडवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. शाळेच्या मैदानाच्या कडेची एक खोली बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना वापरायला दिली होती. अट एकच: आत आग लागली तर किल्ली परत.

मंडळाची एक खोड होती. बॅटरी कोणतीही असो, तिला वरून लाल टेप गुंडाळायची. लाल हा मंडळाचा रंग. त्या टेपखाली बॅटरीवरची सगळी अक्षरं झाकली जात. मग तीन सेलची कोणती, चार सेलची कोणती, हे ज्यानं त्यानं हातात तोलून ओळखायचं आणि चार्जरवर आकडा लावायचा. तीन सेलच्या बॅटरीला चारचा आकडा लागला की ती फुगते आणि पेट घेते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. टेप तरीही सुटत नव्हती.

केतकी मंडळात सगळ्यांत लहान. सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी तिनं टेप सोडवून बॅटऱ्यांवर सेलचा आकडा भरलेल्या टिकलीएवढ्या चिपा चिकटवल्या आणि एक नवा चार्जर बनवला. बॅटरी जोडली की चार्जर चिप वाचायचा आणि आकडा स्वतःच लावायचा. चिप नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसायचा.

"बॅटऱ्यांचं बारसं केलंस वाटतं," मंडळाचे अध्यक्ष जयवंतकाका म्हणाले. "पेढे कुठेत?"

आपली बॅटरी मात्र त्यांनी तिच्या हाती दिली नाही.

मग विमानं दाखवायचा रविवार आला. मैदानावर मुलं जमली. काकांचं पिवळं विमान खोलीतल्या टेबलावर तयार होतं. ते बांधण्यात त्यांचं अख्खं वर्ष गेलं होतं. त्यांनी शेजारच्या नव्या चार्जरला बॅटरी जोडली; खोलीत आता तोच होता. लाल दिवा.

"हा डबा मला ओळख विचारतो," काका म्हणाले. "मला. या मैदानावर पहिलं विमान कुणी उडवलं?"

"तुम्हाला नाही विचारत, काका. बॅटरीला विचारतो," केतकी म्हणाली. "टेप काढा. किती सेल आहेत ते बघून लगेच चिप लावते."

"मुलं खोळंबलीत. तू जा, त्यांना बसव."

केतकी हात जोडून बाहेर गेली.

काकांनी शेजारच्या बॅटरीवरची चिप नखानं उचकटली आणि आपल्या बॅटरीवर डकवली. हिरवा दिवा लागला. काका खूश झाले आणि विमानाचे पंख पुसायला लागले.

ती चिप चार सेलच्या बॅटरीची होती. काकांची बॅटरी तीन सेलची.

बॅटरी फुगली. टेप तडकली. धूर पाहून केतकी वाळूची बादली घेऊन धावली आणि तिनं ती टेबलावर ओतली. खोली वाचली. पिवळ्या विमानाच्या मात्र दोन काळ्या काड्या उरल्या. धूर पाहून आलेल्या बाईंनी हात पुढे केला. काकांनी त्यावर किल्ली ठेवली. मुलं काहीच न बघता घरी गेली.

"तुझ्या चार्जरनं घात केला," काका पुटपुटले.

केतकीनं वाळूतून ती चिप शोधून काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"त्यानं तर विचारलं होतं, काका. तुम्ही दुसऱ्या बॅटरीचं नाव सांगितलंत."

काकांनी मूठ मिटली.

तात्पर्य: आपल्या भल्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणाऱ्यानं पुढच्या नुकसानीचं खापर विचारणाऱ्यावर फोडू नये. शाळेचे शिपाई गेनूभाऊ हे इतकं लांबवत बसले नाहीत. हातात कुलूप घेऊन ते दारात उभे होते. ते म्हणाले, "चला आता, का अजून काही पेटवायचं राहिलंय?"