डाव्या हाताची साक्ष

एका राज्यात निळोपंत नावाचे न्यायाधीश होते. गावोगावच्या पाटलांनी दिलेले निकाल त्यांच्यापुढे फेरतपासणीला येत. त्यात एखादी चूक सापडली की पंतांना कोण आनंद होई! त्या दिवशी त्यांना जेवणही दोन घास जास्त जाई.

एकदा त्यांच्याकडे गाड्यांच्या टकरीचं प्रकरण आलं. सोनबा तेल्याची बैलगाडी घाट उतरत होती, रखमाजी कुंभाराची चढत होती. वळणावर दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि रखमाजीच्या बैलाचा पाय मोडला. त्या घाटाचा रिवाज असा, की ज्याने त्याने आपल्या डाव्या अंगाने गाडी हाकायची. पाटलांनी वळणावर जाऊन साक्ष घेतली, दोष सोनबाचा ठरवला आणि त्याने आपला एक बैल रखमाजीला द्यावा असा निकाल दिला. सोनबा तडक पंतांकडे आला.

पंतांनी कागद उघडला. साक्षीदार एकच, वळणाखाली मेंढरं चारणारा बिरू धनगर. त्याचे शब्द होते, “तेल्याची गाडी डाव्या हाताला होती.”

पंत गादीवरून उडालेच! “डाव्या हाताला? म्हणजे सोनबा रिवाजानेच चालला होता! आणि पाटील त्यालाच दोषी धरतात? सापडली, चूक सापडली!”

त्यांनी भराभर निकाल फिरवणारा हुकूम लिहिला आणि शिक्का हातात घेतला. सोनबापाठोपाठ कचेरीत आलेला रखमाजी पुढे झाला. एका बैलावर गाडी चालत नाही, आणि मडकी काही आपल्या पायांनी बाजाराला जात नाहीत.

तो हात जोडून म्हणाला, “सरकार, बिरूला संगं आणलाय. शिक्का मारायच्या आदी त्याला येकदा इचारा.”

“कागदावर सगळं आहे!” पंत म्हणाले. पण रखमाजीचे डोळे भरून आलेले पाहून त्यांचा हात थांबला. बरं, विचारू, असं म्हणून ते उठले.

कचेरीच्या रुंद पायऱ्या म्हणजे घाट ठरला. बिरू खाली, वर तोंड करून उभा राहिला. पंत स्वतःच तेल्याची गाडी झाले आणि वरून आपल्या डाव्या अंगाने ऐटीत उतरू लागले. रखमाजी आपल्या डाव्या अंगाने चढू लागला.

“न्हाई सरकार, हिकडं! ह्या हाताला!” बिरूने आपला डावा हात उंचावला.

पंत त्या बाजूला सरकले, दोन पायऱ्या उतरले, आणि धाडकन रखमाजीवर आदळले! पगडी गडगडत बिरूच्या पायाशी गेली.

पंत पायरीवर बसून आपल्या हातांकडे पाहू लागले. बिरूचा डावा हात त्यांच्या उजव्या हातासमोर होता! सोनबाने मान खाली घातली.

“अरे, पाटलांनी ह्याचा हात पाहिला होता,” पंत मोठ्याने म्हणाले, “आणि मी नुसता शब्द वाचला!” त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी सर्वांसमोर आपला हुकूम टराटरा फाडला. “पाटलांचा निकाल कायम!”

रखमाजीने तिथेच, कचेरीबाहेर बांधलेल्या सोनबाच्या बैलाचा कासरा हाती घेतला.

तात्पर्य: जागेवर जाऊन, पाहून-ऐकून केलेला न्याय नुसता कागद वाचून फिरवू नये. दुसऱ्याची चूक काढण्याआधी तो जिथे उभा होता तिथे आपण उभे राहून पाहावे.