दोन अक्षरांचे नाव

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. तलवारीचा धीट, न्यायाचा चोख, दानाला सढळ. पण माणसाचे नाव त्याच्या कानी सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नाव सांगणारा उंबरा ओलांडतो न ओलांडतो, तोच नाव गेलेले असे. बरे, विसरलो म्हणून सरळ कबूल करावे, तर तेही नाही.

त्या राज्यात एकदा कालकंटक नावाचा जादूगार आला. पहिल्या दिवशी नाव सांगून गेला. दुसऱ्या दिवशी राजाने "या, या, पाहुणे!" म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी भर दरबारात "हे आमचे नवे वैद्यबुवा" अशी त्याची ओळख करून दिली. जादूगार संतापला. त्याने नगराची नदी उचलली, तांब्याच्या घागरीत कोंबली, घागरीच्या झाकणाला तीन कुलुपे ठोकली आणि घागर कोरड्या पात्रात मधोमध ठेवून दिली.

"राजा," तो म्हणाला, "तीन किल्ल्या तीन दिशांना आहेत. जो आणील त्यानेच कुलुपे उघडावीत. पण उघडता उघडता तो पायापासून दगड होऊ लागेल. तू नावाने हाक मारलीस तरच सुटेल. आणि नाव त्याच्याच तोंडून ऐकलेले हवे. दुसऱ्याने सांगितलेले चालणार नाही."

एवढे बोलून जादूगार ढग झाला आणि निघून गेला.

चार महिने लोटले. विहिरी तळाला गेल्या. शूर शूर म्हणवणारे एकेक सरदार आजारी पडले. तेव्हा एक धनगरीण खांद्यावर घोंगडी टाकून दरबारात आली.

"म्हाराज, किल्ल्या मी आणते," ती म्हणाली. "माझी दोनशे मेंढरं तहानेनं मरायला टेकलीत."

आणि तिने आपले नाव सांगितले. दोन अक्षरांचे, साधे, खणखणीत नाव. एखादे मूलही विसरले नसते. पण नेमक्या त्या क्षणी आमचे महाराज काय करीत होते? मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव. आधी 'धन्य तुझे धैर्य' म्हणावे की 'धन्य तुझी माता'? उत्तर मोठे सुरेख जुळले, आणि नाव गेले.

पहिली किल्ली उत्तरेला, जळत्या डोंगराच्या माथ्यावर. धनगरिणीने घोंगडी पांघरली, आगीतून वर गेली, आगीतून खाली आली. आठव्या दिवशी ती दरबारात उभी राहिली तेव्हा तिच्या भुवया जळालेल्या होत्या.

"या, वीरांगने!" राजा म्हणाला. मग त्याने एक युक्ती काढली. प्रधानाला पुढे ओढले. "हे आमचे प्रधान, धुरंधर. आणि या..." इथे तो मुद्दाम खोकला. वाटले, ती वाक्य पुरे करील.

"प्रधानजींना मी ओळखते," ती म्हणाली. "त्यांनीच मला आत सोडलं. ही घ्या किल्ली."

दुसरी किल्ली दक्षिणेला, सात फण्यांच्या नागाच्या मुखात. सात फण्यांपैकी एका फण्याची दाढ ठणकत होती. तिने दाढ उपटली, नागाने किल्ली दिली.

"या, धैर्यशालिनी! या, भुजंगमर्दिनी!"

"मर्दन कुठलं, दाढ काढली त्याची," ती म्हणाली. "अन् म्हाराज, एवढं लांबलचक कशाला? नावानं हाक मारा की."

राजाला दरदरून घाम फुटला. त्याने घाईघाईने राजवही मागवली. "तुझे नाव या वहीत अमर व्हायला हवे. आपल्या हातानेच लिही."

तिने शाईत अंगठा बुडवून वहीवर उमटवला. "मला लिहाया येत न्हाई. शेजारी तुम्हीच लिहा. तुम्हाला ठाऊकच हाय." आणि ती वहीत वाकून बघत उभी राहिली. राजाने लेखणी उचलली आणि असे काही गिरगटले की ते त्याला स्वतःलाही वाचता येईना. ती बिचारी समाधानाने निघून गेली.

आता तरी विचारावे की नाही? तिला राग आला असता. येऊ द्या! घटकाभर रुसली असती, मग पुन्हा सांगितले असते. पण राजाचे म्हणणे असे की पहिल्या दिवशी विचारले असते तर चालले असते, आता दोन किल्ल्या झाल्यावर कोणत्या तोंडाने विचारू? म्हणजे जितका उशीर तितकी लाज, आणि जितकी लाज तितका आणखी उशीर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण इथे मुठीत काहीच नव्हते आणि जीव दुसरीचा जाणार होता. एवढे त्या राजाला कळू नये म्हणजे कमाल झाली.

ती तिसऱ्या किल्लीसाठी पश्चिमेला गेली, तसा राजा बागेतल्या साळुंकीकडे गेला. दरबाराच्या खिडकीत येऊन बसणारी ही साळुंकी एकदा ऐकलेले कधी विसरत नसे.

"साळुंके, त्या बाईचे नाव काय?"

"मी सांगून शाप सुटणार नाही. तिला विचार."

"दुसरा उपाय?"

"आहे. तिला विचार."

"तिसरा काही?"

साळुंकीने पाठ फिरवली. "देवाने तोंड दिले आहे ना तुला, राजा? की ते नुसते बिरुदे बोलायला दिले?"

राजाने साळुंकीला डाळिंबाचे दाणे घातले आणि तसाच परत आला.

तिसरी किल्ली एका राक्षसिणीच्या जटेत अडकलेली होती. धनगरिणीने तीन दिवस, तीन रात्री बसून ती जटा विंचरली. बोटे सोलवटली, पण किल्ली निघाली. तिन्ही किल्ल्या घेऊन ती कोरड्या पात्रात घागरीपाशी उभी राहिली. काठावर सारे नगर लोटले. पलीकडे तिची मेंढरे माना टाकून बसली होती.

"म्हाराज," तिने विचारले, "माझं नाव ध्यानात हाय ना?"

"हे काय विचारणे झाले!" राजा हसून म्हणाला.

खोटे बोलला! जिच्या जिवाचा प्रश्न, तिच्याशीच खोटे बोलला. तिने त्याच्यावर भरवसा ठेवला आणि पहिले कुलूप उघडले. गुडघ्यापर्यंत दगड झाला. दुसरे उघडले, कंबरेपर्यंत झाला. तिसरे उघडताच दगड छातीला भिडला आणि चढतच राहिला.

"मारा हाक!"

"हे... हे राज्यरक्षिके!"

दगड खांद्याला लागला.

"हे भगिनी! हे माते!"

दगड गळ्याशी आला. तिने राजाच्या तोंडाकडे पाहिले आणि सारे ओळखले. ओरडली नाही, शाप दिला नाही. काठाकडे बघून एवढेच म्हणाली, "झाकण तेवढं उचला मग. माझ्या मेंढरांना पाणी पाजा."

तेव्हा राजाच्या काळजात लक्कन हलले. त्याने मुकुट काढून वाळूत फेकला, धावत तिच्यापुढे गेला, गुडघे टेकले आणि साऱ्या नगरासमोर मोठ्याने बोलला, "बाई, मी तुझं नाव विसरलो! पहिल्याच दिवशी विसरलो. पुन्हा एकदा सांग."

काठावरून हुश्श असा मोठा आवाज झाला. हजारो माणसांनी एकदम श्वास सोडला होता. प्रधान धुरंधर कानामागे हात धरून पुढे झुकले होते. त्यांनाही ते नाव ठाऊक नव्हते. दरबारात ज्यांनी ऐकले होते, तेही विसरले होते. साऱ्या नगरात एकालाही ठाऊक नव्हते, आणि एकानेही विचारले नव्हते.

"हौसा!" दगड हनुवटीला लागता लागता ती खेकसली. "हौसा, म्हाराज! एवढंसं तर नाव हाय!"

राजाने ते कान देऊन ऐकले, मनात दुसरे काहीही न आणता ऐकले.

"हौसा!"

वाळलेल्या चिखलाची खपली पडावी तसा दगड तिच्या अंगावरून गळून पडला. घागरीचे झाकण उडाले आणि नदी बाहेर आली. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी. लोक पाण्यात उतरले, कुणी हसत होते, कुणी रडत होते.

हौसा वाळू झटकीत उभी राहिली.

"आधी का न्हाई विचारलं?"

"लाज वाटली," राजा म्हणाला.

"मी दगड होत होते, म्हाराज. अन् तुम्हाला लाज वाटत होती."

राजाने अर्धे राज्य बक्षीस देऊ केले. हौसाने ते नको म्हटले आणि ती मेंढरांकडे वळली. पाण्यात उभी राहून ती त्यांना बोलावू लागली. ये गं झिपरे, ये गं ठिपके, ये रे काळतोंड्या. दोनशे मेंढरे होती, आणि एकेकाला ती नावाने हाक मारीत होती. राजा काठावर उभा राहून शेवटल्या मेंढरापर्यंत ऐकत राहिला.

जशी त्या नगराची तहान भागली, तशी तुमचीआमची भागो.